फादर ब्लॅटर यांचं कपाट

(वाचन पातळी ५. आधी मनात वाचा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. बहुतेक शब्दांचा अर्थ पुढच्या एक-दोन ओळींत सापडेल.)

मस्कतमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने घाफचं झाड पाहिलेलं असतं. नाव माहीत नसेल, पण झाड पाहिलेलं असतं. वाडीच्या कडेला (इथे वाडी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, कोकणातली नारळी-पोफळीची वाडी नव्हे) एक काटेरी झाड उभं असतं. पानं बारीक, सावली विरळ आणि खाली हमखास दोन-चार शेळ्या. मागच्या पाठात आपण वाचलं की घाफ म्हणजेच आपली शमी. दसऱ्याला आजी जिची पूजा करते, आणि अज्ञातवासात जाताना पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली अशी गोष्ट आहे, तीच ही शमी.

तो पाठ तयार करताना मी अरबस्तानातल्या झाडांविषयी वाचत होतो. तेव्हा एक गंमत कळली. या सगळ्या भागातल्या वनस्पतींची नोंद करणारा 'फ्लोरा अरेबिका' नावाचा एक मोठा ग्रंथ आहे, आणि तो लिहिणारा माणूस मुंबईत धोबी तलावजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत होता. ग्रंथाचे भाग १९१९ पासून निघू लागले. शेवटचा भाग १९३६ मध्ये निघाला, तेव्हा लेखकाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचं नाव फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

हे मी वर्गात सांगितलं आणि लगेच स्क्रीनवर एक हात वर झाला.

"सर, फादर म्हणजे चर्चमधले फादर? मग ते शास्त्रज्ञ कसे? देवाने सहा दिवसांत जग बनवलं असं बायबलमध्ये आहे ना?"

मी म्हणालो, "छान प्रश्न आहे." उत्तर येत नसलं की शिक्षक हेच म्हणतात, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. नंतर बरेच दिवस मी यावर वाचत राहिलो. हा पाठ म्हणजे ते उशिरा आलेलं उत्तर आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्यामुळे मी हे घराबाहेर उभं राहून सांगतो आहे. तुमच्या शाळेत गोव्याचा किंवा वसईचा किंवा केरळचा एखादा ख्रिस्ती मित्र असेल, तर त्यालाही विचारा. तो कदाचित वेगळं काही सांगेल.

आधी ब्लॅटर कोण होते ते पाहू.

त्यांचा जन्म १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणी ते 'जेझुइट' संघात गेले. जेझुइट म्हणजे कॅथलिक पंथातल्या संन्याशांचा एक संघ. इग्नेशियस लोयोला यांनी तो स्थापन केला आणि १५४० मध्ये पोप यांनी त्याला मान्यता दिली. लग्न करायचं नाही, स्वतःची मालमत्ता ठेवायची नाही आणि संघ सांगेल तिथे जायचं, अशी शपथ हे लोक घेतात. मराठी माणसाला जेझुइट परके नाहीत. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स जेझुइटच होते, आणि ते पुस्तक १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. स्वित्झर्लंडमध्ये मात्र त्या काळी जेझुइटांच्या कामावर राज्यघटनेनेच बंदी होती. ती उठायला १९७३ साल उजाडलं. ब्लॅटर १९०३ मध्ये मुंबईत आले आणि मधली काही वर्षं सोडली तर शेवटपर्यंत भारतातच राहिले. मुंबई इलाख्यातली नेचे, गवतं, ताडामाडाची झाडं, काश्मीरची फुलं, एडनची झुडपं, अशा कशाकशावर त्यांनी लिहिलं. १९१९ मध्ये ते झेवियर्सचे प्राचार्य झाले.

१९०६ मध्ये त्यांच्या कॉलेजात एक संग्रह सुरू झाला. आज त्याला 'ब्लॅटर हर्बेरियम' म्हणतात. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय. लहानपणी आपण पिंपळाचं पान वहीत ठेवायचो, जाळी होईपर्यंत. हर्बेरियम म्हणजे तेच, पण फार शिस्तीने केलेलं. झाडाची फांदी पानाफुलांसकट कापायची, वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कपाटात ठेवायची. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावायची. माझ्या मते सगळा खेळ या चिठ्ठीचा आहे.

चिठ्ठीवर काय असतं? वनस्पतीचं नाव, ती कुठे सापडली, कोणत्या तारखेला सापडली, कोणी गोळा केली. जमीन खडकाळ होती की पाणथळ. फुलाचा रंग कोणता होता, कारण वाळल्यावर रंग उडतो आणि मग कोणालाच सांगता येत नाही. आता समजा पन्नास वर्षांनी दुसरा एखादा अभ्यासक आला. त्याने तो नमुना भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "हे नाव चुकलंय." मग तो काय करतो? जुनी चिठ्ठी फाडून टाकत नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावतो, तिच्यावर नवं नाव लिहितो, स्वतःचं नाव आणि तारीख घालतो. जुनी चूक तशीच दिसत राहते. आपला घाफच घ्या. त्याला पूर्वी बऱ्याच पुस्तकांत प्रोसोपिस स्पायसिजेरा म्हणत, आज प्रोसोपिस सिनेरारिया म्हणतात. एखाद्या जुन्या नमुन्यावर ही दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसू शकतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आम्हीही प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवतो आणि तो पुसत नाही. हर्बेरियमवाले हे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून करत होते, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या चिठ्ठीवर एक रकाना नसतो: गोळा करणाऱ्याचा धर्म. फादरनी आणलेली फांदी असो, नास्तिक माणसाने आणलेली असो की नमाज पढून डोंगरावर गेलेल्या कोणी आणलेली असो, पाकळ्या पाच असतील तर पाचच लिहायच्या. "देवाने हे फूल असं बनवलं" असं लिहून पाकळ्या मोजायचं काम वाचत नाही. ब्लॅटर यांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांचे ग्रंथ आजही कोणीही वापरू शकतो. त्यासाठी त्यांचा देव मानावा लागत नाही.

हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. दसऱ्याला तुमच्या घरी काय होतं? आमच्याकडे बायको लॅपटॉपला हळद-कुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते आणि मी हात जोडतो. मनापासून जोडतो. दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप बंद पडला तर मी "पूजेत काही चुकलं का?" असं शोधत बसत नाही. बॅटरी बघतो, चार्जर बघतो. ऑफिसात प्रोग्रॅम अडकला आणि कारण विचारलं, तर "देवाची मर्जी" असं लिहून चालत नाही. नोकरी जाईल! म्हणजे एकच माणूस एका दिवशी हात जोडतो आणि दुसऱ्या दिवशी कारण शोधतो. त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

बरेच जण उत्तर इथेच संपवतात. विज्ञान 'कसं' ते सांगतं, धर्म 'कशासाठी' ते सांगतो, दोघांनी आपापल्या खोलीत राहावं, म्हणजे भांडण नाही. मलाही सुरुवातीला हे पटलं होतं. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं की यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी, की ब्लॅटर यांच्यासारख्या माणसाच्या डोक्यात अशा दोन खोल्या नसाव्यात. जेझुइटांची शिकवण सांगते की देव सगळ्या गोष्टींत सापडतो. फक्त चर्चच्या वेदीपाशी नाही. पुस्तकात, रोग्याच्या खाटेशी, तारा पाहताना, गवत पाहताना. म्हणजे गवताचा नीट अभ्यास करणं हीच एक प्रकारची उपासना झाली. आणि ती उपासना असेल, तर हलगर्जीपणा कसा चालेल? मनाला येईल ते लिहिलं तर तो देवाच्या कामाबद्दलचा खोटेपणा ठरेल. आपल्याकडे सावता माळ्याची गोष्ट आहे ना, ज्याला मळ्यातच विठ्ठल दिसला? तो पंढरीला गेला नाही, पण म्हणून त्याने कांद्यामुळ्याकडे दुर्लक्षही केलं नाही. त्याच्या जवळ जाणारं हे काहीतरी आहे, असं मला वाटतं. तुलना माझी आहे, ब्लॅटर यांची नाही.

म्हणूनच बहुधा जेझुइटांमध्ये इतके अभ्यासक झाले. तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. १५८२ मध्ये जुन्या कॅलेंडरमधली चूक सुधारली गेली, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला. त्या सुधारणेच्या हिशोबात मोठा वाटा असलेले ख्रिस्तोफर क्लावियस जेझुइट गणिती होते. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल तर तुम्हाला शाळेत भेटतीलच. ते जेझुइट नव्हते, पण मठात राहणारे संन्यासीच होते.

दुसरी अडचण जास्त कठीण आहे. कधीकधी धर्मग्रंथ आणि विज्ञान एकाच गोष्टीबद्दल बोलतात, आणि वेगवेगळं बोलतात. तेव्हा खोल्या वेगळ्या आहेत म्हणून भागत नाही.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'उत्पत्ती'. त्यात सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाली आणि सातव्या दिवशी देवाने विश्रांती घेतली, असं वर्णन आहे. पृथ्वीचं वय सुमारे साडेचार अब्ज वर्षं आहे, असं खडक सांगतात. आता काय करायचं? काही ख्रिस्ती लोक म्हणतात, ग्रंथ शब्दशः खरा, खडकांचा हिशोब चुकला. असे लोक आजही आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. पण तसं मानून भूगर्भशास्त्र करता येत नाही. दुसरे म्हणतात, ते वर्णन घड्याळ लावून केलेलं नाहीच, ते स्तोत्रासारखं वाचायचं. जग कोणाचं आहे ते त्यात सांगितलंय, किती तासांत झालं ते नाही. हा दुसरा विचार विज्ञानाला घाबरून अलीकडे काढलेली पळवाट आहे, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीन नावाचे मोठे ख्रिस्ती विचारवंत होऊन गेले. हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे समजू नयेत, असं ते लिहून गेलेत. शिवाय त्यांनी ताकीद दिली, की आकाश-पृथ्वीबद्दल जाणत्या लोकांना जे पक्कं ठाऊक आहे, त्याच्या उलट काहीतरी ग्रंथाचा हवाला देऊन बडबडू नका. लोक तुम्हाला हसतील, आणि मग ग्रंथातल्या बाकीच्या गोष्टीही कोणी ऐकणार नाही.

पण हे नेहमी पाळलं गेलं का? नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडल्याबद्दल गॅलिलिओवर १६३३ मध्ये रोममध्ये खटला चालला, त्याला आपलं म्हणणं मागे घ्यायला लावलं आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. चूक झाली हे चर्चच्या सर्वोच्च पातळीवरून उघडपणे मान्य व्हायला १९९२ उजाडलं. गॅलिलिओ स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, हे मात्र आपल्याला सहसा सांगत नाहीत. बायबल खगोलशास्त्र शिकवायला लिहिलेलं नाही, असं तो म्हणत होता. म्हणजे ते भांडण फक्त श्रद्धा विरुद्ध विज्ञान असं नव्हतं. ग्रंथ कसा वाचायचा यावर दोन श्रद्धावंतांचं भांडणही होतं, आणि त्यातल्या एकाच्या हातात सत्ता होती.

याच्या अगदी उलट एक गोष्ट सांगतो. ती माझी या विषयातली सगळ्यात आवडती आहे.

बेल्जियममध्ये जॉर्ज लमेत्र नावाचे एक धर्मगुरू होते. तेही फादर, आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे दीर्घिका एकमेकींपासून दूर जाताहेत, असं त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडलं. १९३१ मध्ये ते आणखी पुढे गेले. सगळं दूर जातंय, तर मागे मागे जात गेलं की एकेकाळी सगळं एकत्र असणार. आज आपण ज्याला 'बिग बँग' म्हणतो, त्या कल्पनेची ही सुरुवात. कित्येक शास्त्रज्ञांना ती आवडली नाही. धर्मगुरूने विज्ञानाच्या मागच्या दाराने 'देवाने जग निर्माण केलं' हेच आत आणलंय, अशी शंका काहींना होती.

मग १९५१ मध्ये खुद्द पोप यांनी एका भाषणात सांगितलं, की विज्ञान आता निर्मितीच्या त्या पहिल्या क्षणाची साक्ष देत आहे. कोणालाही वाटेल, लमेत्र यांना आनंद झाला असेल. जगातला सगळ्यात मोठा धर्मगुरू आपला सिद्धांत उचलून धरतोय! पण ते अस्वस्थ झाले. त्यांनी पोप यांच्या विज्ञान सल्लागाराची भेट घेतली आणि आपलं म्हणणं पोचवलं, की हे असं करू नका. पोप यांनी पुढे तो मुद्दा पुन्हा तसा मांडला नाही.

त्यांनी असं का केलं असेल, यावर इथे दोन मिनिटं थांबून विचार करा. वाटलं तर वहीत लिहा.

मला सुचलेलं उत्तर असं. सिद्धांत हा हर्बेरियमच्या चिठ्ठीसारखा असतो. उद्या कोणी चांगला पुरावा आणला तर शेजारी नवी चिठ्ठी लागणार. त्या चिठ्ठीवर देवाला टांगून ठेवलं आणि ती बदलली, तर देवाचं काय करायचं? लमेत्र यांचा देव दुर्बिणीतून सिद्ध होणारा नव्हता, आणि दुर्बिणीमुळे धोक्यात येणाराही नव्हता. शिवाय त्यांना शास्त्रज्ञ म्हणूनही काळजी असणार. "हा सिद्धांत धर्माच्या बाजूचा आहे" असा शिक्का बसला असता, तर लोकांनी तो तपासण्याऐवजी त्याच्यावर नुसत्या बाजू घेतल्या असत्या. १९६५ मध्ये आकाशातून सगळीकडून येणारी एक मंद सूक्ष्मलहर सापडली आणि सिद्धांताला मोठा आधार मिळाला. त्यानंतर वर्षभरात, १९६६ मध्ये, लमेत्र वारले. मरणापूर्वी ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. म्हणजे सिद्धांत उभा राहिला तो पुराव्यावर, पोप यांच्या भाषणावर नाही.

आतापर्यंतचं वाचून तुम्हाला वाटेल की सगळं जुळलं, प्रश्न सुटला. नाही सुटला. एक धागा अजून सुटा आहे, आणि तो ओढायला मला जड जातं.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एसा ग्रे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पक्के प्रोटेस्टंट ख्रिस्ती. चार्ल्स डार्विन त्यांचे पत्रमित्र. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ मध्ये आलं, तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडायला ग्रे पुढे आले. चर्चला जाणारा माणूस उत्क्रांतीची बाजू घेतोय, याचं अनेकांना आश्चर्य वाटलं. ग्रे यांचं म्हणणं होतं, की देव या बदलांमधूनही काम करू शकतो. डार्विन यांना ते पटेना. १८६० च्या मे महिन्यात त्यांनी ग्रे यांना एक पत्र लिहिलं. त्यात एका जातीच्या गांधीलमाशीचा उल्लेख आहे. ती जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालते आणि तिच्या अळ्या त्याला आतून खातात. दयाळू देवाने हे मुद्दाम बनवलं असेल, हे आपल्या मनाला पटत नाही, असं डार्विन यांनी कळवलं. त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी नऊ वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. पत्रात ते नाही, पण मला ते विसरून ते पत्र वाचता येत नाही.

जगात इतकं दुःख का, हा प्रश्न पाकळ्या मोजून सुटत नाही. आणि हे भांडण फक्त विज्ञानाचं आणि श्रद्धेचं नाही. बायबलमध्येच 'ईयोब' नावाचं पुस्तक आहे. त्यातला सज्जन माणूस सगळं गमावतो आणि देवाला जाब विचारतो. ख्रिस्ती शास्त्रज्ञ म्हणतो, माझा देव क्रुसावर स्वतः दुःख भोगून गेला, म्हणून मी त्याच्यापाशी थांबतो. डार्विन थांबू शकले नाहीत. ग्रे थांबले. दोघांसमोर तीच गांधीलमाशी होती, तीच फुलं होती. निरीक्षणांबद्दल त्यांचं भांडण नव्हतं. पत्रं मात्र पुढेही चालू राहिली, आणि दोघांची मैत्री टिकली. आज तुम्हाला दोन्ही प्रकारचे शास्त्रज्ञ भेटतील. मानवी जनुकांचा संपूर्ण नकाशा तयार करण्याच्या मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि उत्क्रांती मानतात. त्यांच्याच क्षेत्रातले कितीतरी जण कोणताही देव मानत नाहीत. जनुकं दोघांना सारखीच वाचता येतात.

आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. ब्लॅटर यांच्यानंतर झेवियर्समध्ये आणखी एक फादर आले, हर्मेनेगिल्ड सांतापाव. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले. पुण्या-मुंबईच्या घाटात यांनी जी पायपीट केली, ती वाचून पाय दुखायला लागतात. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला, पुरंदरच्या वनस्पतींवर १९५८ मध्ये. कारवी तुम्ही सुट्टीत लोणावळ्याकडे गेलात तर पाहाल. सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते आणि मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा करून मरून जाते. या एकदम फुलण्यावरही त्यांनी लिहिलं आहे. असं का होतं? एकाच वेळी इतकं बी पडतं की पाखरं-किड्यांनी खाऊनही उरतं, असं एक स्पष्टीकरण देतात. मला हे कळल्यावर जांभळा डोंगर कमी सुंदर वाटायला लागला नाही. फादरनाही वाटला नसावा.

स्वतंत्र भारतात हे फादर सांतापाव 'भारतीय वनस्पती सर्वेक्षण' या सरकारी संस्थेचे संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्याबरोबर ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकाचं संपादनही करत. एक कॅथलिक संन्यासी आणि एका मुस्लिम घरातले सलीम अली, समोर आलेल्या लेखांतली झाडं आणि पक्षी तपासत बसलेत, हे चित्र मला फार आवडतं.

ओमानमध्येही अशी माणसं होऊन गेली. ती वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हती, डॉक्टर होती. अमेरिकेतल्या एका चर्चच्या मिशनतर्फे डॉ. शॅरन थॉम्स १९०९ मध्ये मस्कतला आले आणि १९१३ मध्ये इथेच एका अपघातात गेले. त्यांचे चिरंजीव डॉ. वेल्स थॉम्स यांनी १९३९ पासून १९७० पर्यंत ओमानमध्ये, मुख्यतः मत्राच्या मिशन रुग्णालयात, रोगी तपासले. त्या काळी या देशात आधुनिक रुग्णालयं जवळपास नव्हतीच. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे लपवायचं कारण नाही. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्यांना शरीरशास्त्रच वापरावं लागत होतं. रोग्यासाठी प्रार्थना करणं आणि हत्यारं उकळून निर्जंतुक करणं, यातलं एक केलं म्हणून दुसरं टाळता येत नव्हतं. तुमच्या आजोबांना कोणी जुना मत्राकर भेटला तर त्या दवाखान्याबद्दल जरूर विचारायला सांगा.

आता ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता तिच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, एक काम.

ओमानमध्ये सिद्र नावाचं झाड सगळीकडे आहे. आपल्या बोरीचं जवळचं नातेवाईक. त्याच्या फुलांवरचा मध इथे फार महाग मिळतो. कुराणातही सिद्रचा उल्लेख येतो. याचं शास्त्रीय नाव झिझिफस स्पायना-क्रिस्टी, म्हणजे 'ख्रिस्ताचा काटा'. येशूला क्रुसावर देताना डोक्यावर जो काट्यांचा मुकुट घातला तो या झाडाचा होता, अशी जुनी समजूत आहे. ती खरी की खोटी हे आज कोणालाही तपासता येणार नाही. पण नाव राहिलं आहे, आणि जगभरातले सगळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारे शास्त्रज्ञ तेच नाव वापरतात.

या आठवड्यात एक सिद्र शोधा. फांदी तोडू नका, खाली पडलेलं एखादं पान आणि मिळालं तर फूल उचला. वर्तमानपत्रात दाबून ठेवा, वर जड पुस्तकं ठेवा, रोज कागद बदला. सात-आठ दिवसांनी जाड कागदावर चिकटवा आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावा: झाडाचं नाव मराठीत, अरबीत आणि शास्त्रीय, ठिकाण, तारीख, जमीन कशी होती, गोळा करणाऱ्याचं नाव. फुलाचा रंग उचलल्या उचलल्या लिहा, घरी जाईपर्यंत थांबू नका. पुढच्या शुक्रवारी वर्गात कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा. नाव चुकलं असं कोणाला वाटलं तर त्याने शेजारी आपली चिठ्ठी लावायची.